पाठ टेकेना, पुस्तक सुटेना

"ताई, नमस्कार. माझं वय २९. कऱ्हाडजवळच्या एका गावात राहते आणि तिथल्याच पतसंस्थेत सहा वर्षं कॅशियर आहे. २०२४ च्या जुलैत इग्नूमधून अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. पहिलं वर्ष पार पडलं. दुसऱ्या वर्षाचे चार पेपर येत्या जूनमध्ये आहेत. मला सत्ताविसावा आठवडा चालू आहे आणि डॉक्टरांनी तारीखही जूनच्या मध्याचीच दिली आहे. पहिलंच बाळंतपण. दोन महिन्यांपासून कंबर फार दुखते, विशेषतः डावीकडे, कंबरेखाली खळगी पडते तिथे. कूस बदलताना, जिना चढताना, सलवार घालायला एका पायावर उभी राहिले की जीव जातो. दिवसभर काउंटरच्या उंच स्टुलावर असते. रात्री पलंगावर मांडी घालून असाइनमेंट लिहिते, त्या हातानेच लिहाव्या लागतात. सासूबाई म्हणतात, पुस्तकं ठेव बाजूला, पाठ आपोआप थांबेल. शेजारी एक पायाळू काका आहेत, त्यांच्याकडून पाठीला पाय लावून घे असंही म्हणतात. मिस्टर काहीच म्हणत नाहीत. त्यांच्या दाढेसाठी आणलेल्या गोळ्यांतल्या दोन मी गुपचूप घेतल्या. कधी वाटतं, कॅशियरच राहायचं तर एम.ए. कशाला? पण परवा एक आजी मुदतठेव ठेवायला आल्या आणि 'पैसं बुडायचं न्हाईत न्हवं?' म्हणाल्या. सहा वर्षं मी अशा वेळी 'काळजी करू नका' म्हणत आले. या वेळी ते तोंडातून निघेना. बँकेतल्या ठेवींना असतो तसा विमा पतसंस्थेतल्या ठेवींना नसतो, हे नुकतंच वाचलं होतं. काय करू?"

तुझ्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण घाई एकाचीच आहे, आणि तो तू अगदी शेवटाकडे एका ओळीत उरकलास. त्या गोळ्या. दाढेसाठी बहुधा डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक किंवा इबुप्रोफेन यांतलं काहीतरी दिलेलं असतं. साधारण विसाव्या आठवड्यानंतर ही औषधं आपल्या मनाने घ्यायची नसतात. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर मिटायची असते, ती आधीच आकसण्याचा धोका असतो. दोन गोळ्यांनी बहुतेक काही झालेलं नसेल, त्यामुळे रात्रभर जागू नकोस. पण रिकामी स्ट्रिप पर्समध्ये टाक, डॉक्टरांना दाखव, कधी आणि किती घेतल्या ते सांग. रागावल्या तर रागावू देत. दुखणं अगदीच सोसेना तर पॅरासिटामॉल चालेल का, किती आणि कितीदा, हेही त्याच भेटीत विचार. चोळायच्या मलमांतही पुष्कळदा डायक्लोफेनॅक असतं, तेव्हा ट्यूबही विचारल्याशिवाय उघडू नकोस.

आता पायाळू काका. माझी आजी पायाळू होती, म्हणून या विषयावर थोडं अधिकाराने बोलते. तिच्याकडे उसण भरलेली माणसं यायची, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि ती पावलाने हलकेच तीनदा ढकलायची. माणसं बरं वाटलं म्हणून जायची, कारण उसण बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपली आपणच जाते. पण तीच आजी पोटुशी बाईला कधी हात लावत नसे, पाय तर दूरच. सासूबाईंना हे सांग. त्यांच्याच पठडीतल्या एका बाईचा दाखला आहे, पटेल. हाडं बसवणारे, पाठीवर उभे राहून तुडवणारे, मान कडकन मोडणारे, यांपैकी कुणाकडेही आत्ता जायचं नाही. हलक्या हाताने तेल लावून घ्यायला हरकत नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून कंबरेला दहा-पंधरा मिनिटं घे. पोटावर मात्र शेक नको.

पुढे जाण्याआधी एवढं फ्रिजवर लिहून लाव. पाठीतली कळ ठरावीक वेळाने येते-जाते आणि जवळजवळ येऊ लागते, सोबत ओटीपोट दगडासारखं कडक होतं. अंगावरून रक्त किंवा पाणी जातं. ताप आहे, लघवीला जळजळ आहे आणि बरगडीखाली एका बाजूला दुखतंय. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आलाय, पाय लुळा पडल्यासारखा वाटतोय, लघवी अडते किंवा कळत नाही. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधुक होतंय. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवतेय. एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय. यातलं काहीही झालं तर ते 'कंबर दुखतेय' या खात्यात टाकायचं नाही. रात्र असो की सण, दवाखाना गाठायचा. गाडी नसेल तर १०८ ला फोन.

हे नसेल, आणि तुझ्या पत्रावरून तरी दिसत नाही, तर तुझं दुखणं मला ओळखीचं वाटतं. माकडहाडाच्या वरचं हाड आणि कमरेची दोन पंखांसारखी हाडं जिथे जुळतात, तिथे मागून दोन खळग्या दिसतात. गरोदरपणात रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे तिथले अस्थिबंध सैलावतात, बाळंतपणासाठी ते लागतंच. त्यात पोट पुढे येतं, तोल पुढे जातो, तो सावरायला कंबर आत वळते आणि पुढून आधार देणारे पोटाचे स्नायू ताणले गेल्यामुळे सगळा भार पाठीवर येतो. दोन्ही पायांवर सारखी उभी असशील तर चालून जातं. एका पायावर भार आला की तो सैल सांधा कुरकुरतो. म्हणून सलवार, म्हणून जिना, म्हणून कूस. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींची पाठ किंवा कंबर कधी ना कधी दुखते. तू नाजूक आहेस किंवा तुझं काही चुकलंय असं मुळीच नाही.

अशा दुखण्यात मोठ्या व्यायामापेक्षा बारक्या सवयींनी जास्त फरक पडतो. सलवार पलंगाच्या कडेला बसून घाल. जिना एकेक पायरीने चढ, न दुखणारा पाय आधी वर. उतरताना दुखणारा आधी खाली. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून, मध्ये उशी असेल तर ती तशीच धरून, खांदे आणि कंबर एकदमच वळव. उठताना उताणं सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताने रेटा देऊन बसायचं. तसंही आता झोप कुशीवरच घ्यायची, डाव्या कुशीवर सोयीचं. गुडघ्यांमध्ये जी उशी घेतो ती बायका गुडघ्यांपुरतीच घेतात आणि पाऊल लोंबकळत राहतं. जुनी गोधडी लांब गुंडाळ, दोन्ही टोकं नाडीने बांध आणि मांडीपासून घोट्यापर्यंत मध्ये ठेव. पाठीमागे लोड. महागड्या गर्भारपणाच्या उशीचं काम ही गोधडी करते, आणि बाळ झाल्यावर धुताही येते.

"उकिडवं बसून फरशी पुसली की सुटका सोपी होते" हे तुझ्या पत्रात नाही, पण तुझ्या घरात कुणीतरी म्हटलं असणारच. एरवी त्याला माझा विरोध नाही. तुझ्यासारखं खळगीत दुखत असेल तर मात्र पाय फाकवून बसणं, एका हाताने जोर देऊन पुसणं, कमरेवर कळशी घेणं, हे तिन्ही बंद. कळशी कमरेच्या एकाच बाजूला टेकते, म्हणजे ज्या सांध्याला त्रास आहे नेमका त्याच्यावर.

व्यायाम दोन सांगते. अंगावरून जात असेल, वार खाली असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल तर आधी डॉक्टरांना विचार. पहिला: भिंतीला पाठ लावून उभी राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, गुडघे किंचित सैल. कंबर आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी पोकळी असते. श्वास सोडत पोट हलकेच आत घे आणि ती पोकळी मिटव. पाच आकडे मोज, श्वास कोंडू नकोस, सोड. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पतसंस्थेच्या मागच्या खोलीतही होतो. दुसरा म्हणजे मार्जरासन, सतरंजीवर गुडघे आणि तळहात टेकून. फक्त पाठ खाली झुकवायची नाही. सपाट पाठीपासून वर गोल करायची आणि परत सपाट. पोटाचं ओझं काही क्षण पाठीवरून उतरतं, म्हणून बऱ्याच जणींना याच अवस्थेत बरं वाटतं. जोडीला रोज चाल, पण एका दमात अर्धा तास चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. आठवड्याभरात फरक पडला नाही तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. त्या कमरेला बांधायचा पट्टा मापाने देतील. मेडिकलमधून अंदाजाने पट्टा आणू नकोस. तो बहुतेक वेळा पोटावर चढतो.

आता तो स्टूल आणि तो पलंग. खरे गुन्हेगार हे दोघे आहेत, अर्थशास्त्र नाही.

स्टूल उंच म्हणजे पाय लोंबकळतात, आणि पाय लोंबकळले की पाठ वाकतेच. कॉपीच्या कागदांच्या रिमांचं खोकं असेल ना ऑफिसात? दोन रिमा त्यात ठेवून पायाखाली घे. कंबरेमागे टॉवेलची घट्ट वळकटी. त्याहून चांगलं म्हणजे व्यवस्थापकांना सांगून पाठ असलेली खुर्ची मागणं. मागून पाहा, नाही म्हणायला त्यांनाही अवघडच जाईल. दर अर्ध्या तासाने उठ. पाणी पीत राहिलीस तर उठावंच लागेल, त्यासाठी वेगळा गजर नको.

पलंगावर मांडी घालून, वही मांडीवर, मान खाली, पोट मध्ये अडचण करत असताना लिहायचं म्हणजे पाठीला शिक्षा आहे. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. दुखणं तुझ्या अभ्यासाच्या वेळीच वाढतं, हे त्यांनी अचूक हेरलं. त्याचं कारण मात्र पुस्तक धरलं. वाचन तू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून करून बघ. रात्रीची भांडी झाली की ओटा पुसून कोरडा कर, पुस्तक डब्याला टेकवून उभं ठेव म्हणजे मान झुकत नाही. भार दोन्ही पायांवर सारखा ठेव. वीस-पंचवीस मिनिटं झाली की बस. लिहायला मात्र टेबलच हवं, वर सांगितलेल्या खुर्चीसारखी खुर्ची हवी. मी पदव्युत्तर फिजिओथेरपीला असताना मला सातवा महिना होता, आणि प्रबंधाचा एक अख्खा भाग मी अशीच उभ्याने वाचून काढला. त्या पानांवर अजून फोडणीचे डाग आहेत.

तेव्हाचीच एक आठवण. लेखी परीक्षेला लाकडी बाक होता, तीन तासांचा पेपर. दुसऱ्या तासाला खळगीतली कळ इतकी चढली की मी उठून उभी राहिले. पर्यवेक्षकांनी लांबूनच खुणावलं, बसा. मी पोटाकडे बोट दाखवलं. त्यांनी घड्याळाकडे. शेवटचा प्रश्न मी लिहिलाच नाही, त्या पेपरात राहिले आणि लेक दहा महिन्यांची असताना परत दिला. माझी आई आवारातल्या कडुलिंबाखाली बाळ घेऊन बसली होती. हट्टाने त्या वेळी बसले नसते तर काय बिघडलं असतं, हा विचार मी पुढे अनेकदा केला. काहीच नाही. म्हणून तुला सांगते: जून सोड.

अभ्यास सोड असं म्हणत नाहीये, हे सासूबाईंना पत्र वाचून दाखवशील तेव्हा नीट वाच. इग्नूची एम.ए. किमान दोन वर्षांची आणि जास्तीत जास्त चार वर्षांची. तुझा प्रवेश जुलै २०२४ चा, म्हणजे २०२८ च्या जूनपर्यंत तुझ्या हातात वेळ आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. आत्ता फक्त असाइनमेंट पूर्ण करून जमा कर, कारण त्यांना तीन तास एका बाकावर बसावं लागत नाही. एकदा जमा होऊन पास झाल्या की त्या कामाचं ओझं गेलं. शेवटची तारीख संकेतस्थळावर पाहून घे. जमा केल्याची पोच आणि प्रत जपून ठेव, हे तू शिकलेल्या सगळ्या अर्थशास्त्रापेक्षा उपयोगी आहे. जूनच्या परीक्षेचा अर्ज भरूच नकोस. डिसेंबरला बाळ सहा महिन्यांचं होईल, वरचं खाणं नुकतं सुरू झालेलं असेल, तेव्हा दोन पेपर दे. उरलेले दोन पुढच्या जूनला. परीक्षा केंद्र अर्जातच निवडायचं असतं, तेव्हा माहेराजवळचं सापडतं का पाहा. डिसेंबरला झोपेने डोळे मिटत असतील तर एकच पेपर दे. तसं करूनही तुझी मुदत संपत नाही.

नेहमीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या वाचकांसाठी एक ओळ: विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या विद्यापीठांना पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे, हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला लेखी सांगितलं आहे. आपल्या विद्यापीठाने काय केलं ते कार्यालयात जाऊन विचारा. तोंडी "नाही" मिळालं तर अर्जावर लेखी मागा.

आणि तुझ्या नोकरीतली रजा. पतसंस्थेत दहा किंवा जास्त कर्मचारी असतील आणि आधीच्या बारा महिन्यांत तू ८० दिवस काम केलं असशील, तर पहिल्या बाळासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. तुझ्या बाबतीत ते एप्रिलच्या मध्यापासून होतात. पाठ अशीच राहिली तर शेवटपर्यंत स्टुलाला चिकटून राहू नकोस.

मिस्टर काहीच म्हणत नाहीत, असं लिहिलंस. न बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून उपयोग नसतो, काम द्यावं. पाण्याची कळशी, वरच्या फळीवरचे डबे, असाइनमेंट पोचवणं आणि रात्री गोधडीची गुंडाळी नीट लावून देणं. आणि दाढेच्या गोळ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

राहिला आजींचा प्रश्न, आणि त्यातच तुझ्या "कशाला?"चं उत्तर आहे असं मला वाटतं. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत. पतसंस्था त्यात येत नाहीत. हे तुझ्या पतसंस्थेत बसलेल्या सगळ्यांना कळायला हवं होतं, पण तुला ते सहा वर्षांनी, पलंगावर कंबर धरून बसल्यावर कळलं. पगार वाढला नाही, पद बदललं नाही. फक्त एक वाक्य, जे तू शेकडो वेळा सवयीने बोललीस, ते तुझ्या जिभेवर अडलं. माझ्या मते एम.ए.चं हे फार मोठं फळ आहे, आणि निकालपत्रावर त्याची कुठे नोंद होत नसते.

अडल्यावर काय बोलायचं, हे मात्र तू लिहिलं नाहीस. आजी परत येतील. त्यांना घाबरवू नकोस, आणि तुझ्याच संस्थेची बदनामी होईल असंही काही नको. खरं ते सांग: "आजी, बँकेत पाच लाखांपर्यंत सरकारी विमा असतो, इथे तसा नसतो. इथलं व्याज थोडं जास्त आहे ते त्यामुळेही. सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग, म्हणजे दर्जा, मिळालाय, अहवाल दाखवा, असं विचारा." मग तो अहवाल खरंच काढून दाखव. तुला स्वतःलाही तो वाचावा लागेल, आणि आता तो वाचता येईल.

असाइनमेंट जमा झाल्या की कळव. डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल काय सांगितलं तेही, आणि ते आधी.